कर्णभूषणांची फिरकी : लहान भाग, मोठी राखण

मराठवाड्याचा व हैदराबाद शहराचा संबंध फार जुना आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत नांदेड, परभणी, लातूर, धाराशिव हा सारा मुलूख हैदराबाद राज्याचाच भाग होता. पुढे सीमा बदलल्या. तथापि घरात लग्नकार्य निघाले की मोत्यांच्या खरेदीसाठी चारमिनारजवळच्या पत्थरगट्टी पेठेत जाण्याची रीत अनेक कुटुंबांत टिकून राहिली. दुकानात बसलेली मंडळी मोत्याचे पाणी पाहतात, गोलाई पाहतात, सोन्याचा कस विचारतात आणि घडणावळीवर घासाघीस करतात. परंतु कुडी उलटी करून तिच्या मागची फिरकी किती आटे बसते, हे पाहणारा ग्राहक विरळाच आढळतो.

वास्तविक दागिन्याची राखण करण्याचे काम याच लहानशा भागाकडे असते. ग्रामीण भागातील कित्येक स्त्रियांच्या बाबतीत कानांतील फुले किंवा कुड्या हेच त्यांच्या स्वतःच्या नावाचे एकमेव सोने असते. पेरणीच्या दिवसांत, आजारपणात अथवा मुलांच्या शिक्षणासाठी तेच तारण म्हणून उपयोगी पडते. असे सोने बाजारात, एस. टी. च्या गर्दीत किंवा शेतातील कामात गळून पडले, तर त्या कुटुंबाची अडचणीच्या वेळची शिल्लकच नाहीशी होते. म्हणूनच कर्णभूषणे कानात धरून ठेवणाऱ्या योजनांचा परिचय करून घेणे उपयुक्त ठरेल.

प्राचीन परंपरा

कान टोचण्याचा संस्कार भारतात प्राचीन काळापासून चालत आला आहे. सोळा संस्कारांमध्ये कर्णवेधाची गणना होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कान टोचण्याची पद्धती सांगितलेली असून, टोचलेल्या भोकात वात घालून दर तीन दिवसांनी ती अधिक जाड करावी, असा विधी दिला आहे. त्याच अध्यायात फाटलेली पाळी सांधण्याचे पंधरा प्रकारही वर्णिले आहेत. जड दागिन्यांनी कान ओघळण्याची व फाटण्याची अडचण त्या काळीही वैद्यांसमोर येत होती, हे यावरून स्पष्ट होते.

त्या काळातील अनेक कर्णभूषणे फिरकीविना घातली जात. भोक क्रमाक्रमाने रुंद करून त्यात दागिना बसविला जाई व तो स्वतःच्या आकारामुळेच अडकून राही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील व बहुधा आंध्र प्रदेशातील मानली जाणारी सोन्याच्या कर्णभूषणांची एक भव्य जोडी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ती इतकी जड आहे की, धारण करणाऱ्याची पाळी ताणून लांब झाल्याशिवाय राहत नसे. पुढे बारीक भोक व मागे फिरकी ही रचना रूढ झाली आणि पाळी न ताणता दागिना घालणे शक्य झाले.

हैदराबादी कर्णफूल व त्याचे सहारे

हैदराबादच्या दागिन्यांची कीर्ती जगभर आहे. निजामांच्या संग्रहातील १७३ दागिने भारत सरकारने १९९५ मध्ये सुमारे २१८ कोटी रुपयांस खरेदी केले आणि २००१ मध्ये हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात ते जनतेला पाहावयास मिळाले. त्यांत कंठे, बाजूबंद, कंबरपट्टे, कर्णभूषणे, इतकेच नव्हे तर गुंड्याही आहेत. या प्रत्येक वस्तूला अंगावर धरून ठेवणारी काही ना काही योजना लागतेच. बाजूबंदाला दोरा, कंबरपट्ट्याला बक्कल आणि कर्णभूषणाला दांडी व फिरकी.

हैदराबादी वधूच्या साजातील कर्णफूल व त्याखाली लोंबणारा झुमका यांचे वजन बरेच असते. हे सर्व वजन एकट्या पाळीवर पडू नये, म्हणून मोत्यांच्या सरी झुमक्यापासून वर नेऊन केसांत अडकवितात. या सरींना तेथे ‘सहारे’ म्हणतात आणि नावाप्रमाणेच त्यांचे काम आधार देण्याचे आहे. तेलुगू कुटुंबांत यासाठी ‘माटीलु’, तर महाराष्ट्रात कानाचे ‘वेल’ वापरतात. तिन्हींमागील विचार एकच आहे. भार दोन ठिकाणी विभागला की पाळीवरील ताण कमी होतो. शिवाय एखादे वेळी फिरकी निसटलीच, तर दागिना जमिनीवर न पडता केसांना लोंबत राहतो. शोभेची म्हणून मानली जाणारी ही वस्तू प्रत्यक्षात सुरक्षिततेची दुसरी कडी आहे.

बंदोबस्ताचे प्रकार

बाजारात मिळणाऱ्या कर्णभूषणांत पुढील प्रकारची रचना आढळते.

पहिला प्रकार आकड्याचा. वाकविलेली तार भोकातून घालावयाची व मागे मोकळी सोडावयाची, अशी ही रचना हलक्या डुलांसाठी ठीक असली, तरी सोन्याच्या दागिन्यास विश्वासार्ह नाही. आकड्याच्या टोकास रबराचा लहान मणी लावल्यास धोका पुष्कळ कमी होतो.

दुसरा प्रकार बाळीचा. तारेचे एक टोक दुसऱ्या टोकावरील नळीत किंवा कडीत अडकते. वारंवार उघडझाप केल्याने तार सैल पडते, तेव्हा ती सोनाराकडून वेळीच आवळून घ्यावी लागते. पारंपरिक नथीची तारही याच वर्गात येते.

तिसरा प्रकार दाबाच्या फिरकीचा. या फिरकीला दोन लवचीक पाकळ्या असतात व त्या दांडीवरील खाचेत बसतात. ही घालण्यास सोपी असली, तरी पाकळ्यांचा ताण कमी झाला की ओढ बसताच निघून येते.

चौथा प्रकार मळसूत्री फिरकीचा. दांडीवर आटे पाडलेले असतात व फिरकी त्यांवरून फिरवून बसवितात. कुड्या, फुले, बुगड्या, तसेच नाकातील चमकी यांसाठी ही रचना सर्वाधिक रूढ आहे. सरळ ओढून ती निघत नाही, हा तिचा मुख्य गुण होय. सराफ मंडळी जाड दांडीच्या पेचास दक्षिणी पेच व बारीक दांडीच्या पेचास मुंबई पेच म्हणतात. जाड पेच अधिक टिकतो. मात्र त्यास भोकही मोठे लागते.

पाचवा प्रकार खटक्याच्या कडीचा. पाळीच्या मागे बिजागरीवर फिरणारी कडी खटका लागून बंद होते. हिचा वेगळा भाग नसल्याने तो हरवण्याचा प्रश्न येत नाही. परंतु बिजागरी झिजली की खटका लागेनासा होतो.

मळसूत्राचे तत्त्व

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज समजावून देता येईल. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापावा व त्याची उभी बाजू पेन्सिलीला लावून तो तिच्याभोवती गुंडाळावा. त्रिकोणाची तिरकी बाजू पेन्सिलीवर वळणावळणाने चढत जाते. हेच मळसूत्र. मळसूत्र म्हणजे दांडीभोवती गुंडाळलेला उतार, हे मुलांच्या चटकन ध्यानात येते. उतार जितका कमी, तितके दोन आट्यांमधील अंतर कमी आणि तितकीच फिरकी आपोआप घसरण्याची शक्यता कमी. तिला जागेवर धरून ठेवते ते घर्षण. घर्षण नाहीसे झाले, तर कोणतीही फिरकी स्वतःहून खाली उतरेल.

दुसरा मुद्दा फिरकीच्या आकाराचा. दागिन्याचे वजन पाळीच्या पुढे असल्याने तो पुढे झुकू पाहतो व मागील फिरकी पाळीवर दाबली जाते. फिरकीची चकती रुंद असेल, तर तोच दाब अधिक जागेवर पसरतो. त्यामुळे दागिना सरळ राहतो व पाळीस इजाही कमी होते. जड कुडीला बारीक फिरकी लावणे म्हणूनच चुकीचे आहे.

फिरकी का सुटते

फिरकी सुटण्याची कारणे साधी आहेत. उशीवर कान घासला जाणे, टॉवेलाने केस जोराने पुसणे, पदर किंवा लोकरी कपडा अडकणे यांमुळे ती थोडीथोडी उलट फिरते. तेल व साबण आट्यांत साचल्याने घर्षण कमी होते. याशिवाय २२ कॅरटचे, म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध असलेले सोने मऊ असते; वर्षानुवर्षे फिरविल्याने त्याचे आटे झिजतात. १८ कॅरटचे सोने, ज्यात ७५० भाग शुद्ध असते, ते तुलनेने कठीण असल्याने त्याचे आटे अधिक टिकतात.

हाताने घडविलेल्या जोडीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. अशा जोडीतील प्रत्येक फिरकी आपापल्या दांडीवर बसवून घडविलेली असते. उजव्या-डाव्या फिरक्यांची अदलाबदल झाल्यास आटे नीट जुळत नाहीत व लवकर खराब होतात. सोनाराकडून एका दांडीवर व तिच्या फिरकीवर बारीक खूण करून घेतल्यास हा घोटाळा टळतो.

अति घट्टपणाही घातक

हरवण्याच्या भीतीने फिरकी शक्य तितकी आवळण्याची सवय अनेकांना असते. ही सवय योग्य नाही. आवळलेल्या फिरकीमुळे पाळीतील रक्तप्रवाहास अडथळा येतो, घाम व मळ साचतो, सूज येते आणि काही वेळा फिरकी कातडीतच रुतून बसते. लहान मुलांत हे विशेष आढळते. अशा वेळी घरी ओढाताण न करता डॉक्टरांकडे जावे. पाळी व फिरकी यांच्यात किंचित मोकळी जागा राहील इतपतच ती फिरवावी. दागिन्याची राखण आवळण्याने होत नाही, आटे शाबूत असण्याने होते.

नव्याने टोचलेले भोक भरून येण्यास साधारण सहा आठवडे लागतात. तोपर्यंत दागिना काढू नये व भोक स्वच्छ ठेवावे. टोचण्याची सुई निर्जंतुक असावी आणि मुलास धनुर्वाताची लस दिलेली असावी. खोट्या दागिन्यांतील निकेल या धातूमुळे अनेकांच्या कानांस खाज व पुरळ येते. भोकात घालावयाच्या दांड्यांतील निकेलवर युरोपीय देशांनी १९९४ पासून बंधने घातली आहेत.

तान्ह्या मुलांच्या कानांतील फिरकीबाबत अधिक दक्षता हवी. सुटलेली फिरकी मूल तोंडात घालते व ती श्वासनलिकेत जाऊ शकते. एकाएकी ठसका, घरघर किंवा श्वास घेण्यास त्रास दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. फिरकी गिळल्याची शंका असली, तरी उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. झोपण्यापूर्वी आईने दोन्ही कान चाचपून पाहण्याची सवय ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय होय.

खरेदी व देखभाल

खरेदीच्या वेळी ग्राहकाने पुढील गोष्टी पाहाव्यात. फिरकी हाताने फिरवून ती निदान तीन-चार आटे सुरळीत बसते किंवा नाही, हे तपासावे. बसविलेली फिरकी सरळ मागे ओढून पाहावी. ती निसटता कामा नये. दांडी फुलाला जेथे डाख देऊन जोडली आहे, तो सांधा पाहावा. मोत्याच्या दागिन्यात मोती खिळ्यावर पक्का बसला आहे की हलतो, हे पाहावे. दागिना कानात घालून आरशात पाहावा. तो पुढे झुकत असल्यास रुंद चकतीची फिरकी मागावी.

सोन्याच्या दागिन्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा व सहा अक्षरअंकी ओळख क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्क केलेला दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे आणि कानांतील लहान फुले अनेकदा याच वर्गात मोडतात. अशा खरेदीत पावतीचे महत्त्व अधिकच वाढते. पावतीवर वजन, शुद्धता व घडणावळ स्वतंत्रपणे लिहून घ्यावी. फसवणूक झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ हा आहे.

देखभालीस खर्च जवळजवळ नाही. महिन्यातून एकदा सोन्याची फुले कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, मऊ ब्रशने आट्यांतील मळ काढावा व कोरडी करावीत. मोती मात्र पाण्यात भिजवू नयेत. लिंबू, व्हिनेगर व अत्तर यांपासून ते दूर ठेवावेत व ओलसर मऊ कापडाने पुसावेत. फिरकी काढताना खाली कापड पसरावे, म्हणजे हातातून निसटलेला भाग मोरीत जात नाही. वर्षातून एकदा, शक्यतो लग्नसराईपूर्वी, सोनाराकडून आटे तपासून घ्यावेत. झिजलेली फिरकी बदलण्यास लागणारी रक्कम हरवलेल्या कुडीच्या मानाने नगण्य असते. प्रवासात व गर्दीत जड दागिने घालणे टाळावे आणि घालावे लागल्यास वेल अथवा बारीक साखळीची जोड द्यावी.

ग्रामसेविका, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांनी महिला मंडळांच्या बैठकींत या गोष्टी प्रत्यक्ष दाखवून सांगितल्यास त्यांचा प्रसार लवकर होईल. पेन्सिल, कागदाचा त्रिकोण आणि एक जुनी फिरकी एवढे साहित्य त्यासाठी पुरेसे आहे. हैदराबादच्या कारागिरांनी झुमक्याला सहाऱ्याची जोड दिली, त्यामागे दागिना व कान या दोहोंची काळजी होती. तीच काळजी प्रत्येक घराने फिरकीबाबत घेतली, तर कष्टाने मिळविलेले सोने पुढच्या पिढीच्या कानांपर्यंत सुखरूप पोहोचेल.