हक्क, संकल्प आणि कुलूप



संकल्प म्हणजे माणसाने आपणहून स्वतःवर घालून घेतलेले बंधन. राज्याने घातलेल्या बंधनास कायदा म्हणतात. अमेरिकी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती रोज सकाळी वाचायची, दिवसभर पिस्तूल कमरेला बाळगायचे आणि रात्री ते भरलेल्या स्थितीत उशाशी ठेवायचे, म्हणजे शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा विसर एकही दिवस पडणार नाही, असा संकल्प टेक्ससमध्ये चि. भाच्याने सोडल्याचे वृत्त आक्काकडून कळले. वाचनाबद्दल मामाची काहीच तक्रार नाही आणि कमरेच्या पिस्तुलाबद्दल बोलण्याचा अधिकारही नाही; परंतु उशाशी ठेवलेल्या पिस्तुलाचे कळल्यापासून मनास स्वस्थता नाही, कारण त्याच घरात चार वर्षांची नात आहे आणि ती पहाटे उठून थेट आईबापांच्या अंथरुणात शिरते, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

या हक्काची थोरवी येथे कमी लेखायची नाही. १७९१ साली संमत झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्रे बाळगण्याचा लोकांचा हक्क अबाधित ठेवला. २००८ च्या हेलर खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क असल्याचा निर्वाळा दिला आणि २०२२ मध्ये ब्रुएन खटल्यात घराबाहेर, स्वसंरक्षणार्थ शस्त्र बाळगण्यासही तो लागू केला. भारतात मात्र १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदूक परवान्याच्या, म्हणजे सरकारने दिलेल्या आणि सरकारला काढून घेता येणाऱ्या सवलतीच्या, कक्षेत आली. १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत गणला होता, तरी डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो घटनेत घालण्याची सूचना मांडली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती मान्य झाली नाही. म्हणूनच रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी परवान्यावर घेतलेली आजोबांची बारा बोअरची बंदूक निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होत असे, आणि ती जमा करताना त्यांना वाटणारा अपमान चिरंजिवाने आक्काकडून अनेकदा ऐकला आहे. मात्र तेच आजोबा घरी आल्यावर बंदूक रिकामी करून काडतुसे फडताळात बंद करीत आणि किल्ली जानव्याला बांधीत, हेही त्याने ऐकलेच असेल.

आता मूळ चिंतेकडे वळावे. घरातील बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप लावूनच ठेवावी, हा वॉशिंग्टन शहराचा नियम हेलर खटल्यात रद्द झाला, कारण स्वसंरक्षणाच्या क्षणी ती वापरण्यास त्यात वाव नव्हता. याचा अर्थ कुलूप निरर्थक ठरले असा नाही. ते लावण्याची जबाबदारी अधिक करून मालकाच्या विवेकावर आली, असा आहे. झाडता येण्याजोगी बंदूक निष्काळजीपणाने मुलाच्या हाती पडू दिली तर टेक्ससचा कायदाही शिक्षा करतो. पण ती शिक्षा घटनेनंतरची असते आणि कायदा रात्री येऊन उशाशी पाहत नाही. तेथे फक्त संकल्पच पाहू शकतो.

भीती केवळ नातीपुरती नाही. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे दगावली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे होते. मन खचण्याची रात्र कोणाच्याही आयुष्यात येते. ती सरून जाण्यास थोडा अवधी लागतो, आणि उशाशी भरलेले पिस्तूल असले तर तेवढा अवधी मिळत नाही.

इतके कठोर लिहिण्यास मामाच्या तारुण्यातील एक रुखरुखही कारण आहे. आणीबाणीत, नागरी स्वातंत्र्ये स्थगित असताना, घटनेचा एकोणिसावा अनुच्छेद रोज वहीत उतरवून काढण्याचा नेम त्यांनी केला आणि तो निष्ठेने पाळला. परंतु शेजारचे गृहस्थ मिसाखाली, म्हणजे खटल्याविना अटकेत ठेवणाऱ्या कायद्याखाली, येरवड्यास असताना त्यांच्या घरी काही हवे-नको विचारण्यास मामा एकदाही गेले नाहीत. हक्काचे स्मरण झाले, पण त्या हक्कामागची माणसे विसरली गेली, ही खंत आजही आहे.

चिरंजिवाच्या गल्लीत झालेली घरफोडी आणि त्यानंतर सूनबाईंना न लागणारी झोप मामास ठाऊक आहे. त्याने शस्त्र घेतले ते मुलीच्या प्रेमापोटीच, याविषयीही तिळमात्र शंका नाही. म्हणून संकल्प मोडू नये, त्यात एका कृतीची भर घालावी: बोटाच्या ठशाने क्षणात उघडणारी लहान तिजोरी भिंतीशी पक्की करून पिस्तूल रात्री तीत ठेवावे, आणि तोपर्यंत, आज रात्रीपासूनच, गोळ्या काढून दुकानदाराने सोबत दिलेले कुलूप त्यास लावावे. लहानपणी आजोळच्या ओटीवर अंधाराला भिऊन मामाचा हात घट्ट धरणारा मुलगा आज घराचा राखणदार झाला, याचा मामास अभिमानच आहे. उपदेश आवडला नाही तर तो खुशाल सोडून द्यावा, रागही धरावा. पण कुलूप लावल्याचे आक्काला फोन करून कळवावे, आणि नातीस मामाआजोबांचा गोड पापा द्यावा.