स्वस्त प्लॉट आणि न वाचलेला फेरफार

प्रश्न : मी कोनसरीच्या लोखंडाच्या कारखान्यात कंत्राटदाराकडे फिटर आहे व आष्टीला भाड्याने राहतो. रस्त्यालगत दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट साडेतीन लाखांना मिळत आहे. आजूबाजूचे भाव याच्या दुप्पट आहेत. मूळ मालक गोंड समाजातील वृद्ध गृहस्थ आहेत. दलाल म्हणतो, रजिस्ट्री पुढे होईल, तूर्त पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी आणि आममुखत्यारपत्र करू. बँक या जागेवर कर्ज देत नाही, म्हणून वैयक्तिक कर्ज काढावे की पत्नीचे दागिने गहाण ठेवावेत? पन्नास हजार बयाणा दिला आहे. घरमालक दरवर्षी भाडे वाढवतो आणि मुलगी पुढल्या वर्षी पहिलीत जाईल.
— एक वाचक, आष्टी (जि. गडचिरोली)

उत्तर : आपल्या पत्रात कर्जाची चर्चा विस्ताराने आली आहे आणि मुलीच्या शाळेचा उल्लेख अखेरच्या ओळीत, परंतु हे सारे पत्र त्या अखेरच्या ओळीनेच लिहवून घेतले आहे, असे मला वाटते. कारखाना आला, जमिनीचे भाव चढले, आणि आज हात आखडला तर या गावात आपले म्हणावे असे चार भिंतींचे ठिकाण कधीच होणार नाही, ही धास्ती आपल्या मनात आहे. ती खोटी नाही; पण अशा धास्तीवरच दलालाचा धंदा चालतो.

दागिने की वैयक्तिक कर्ज, हा प्रश्नच मुळी आपण विचारायला नको होता. आपण विचारायला हवे होते ते असे, की जी बँक तारणासाठी एरवी उत्सुक असते, ती याच जागेला हात लावण्यास का तयार नाही? बँकेचा तो नकार हा आपल्याला फुकट मिळालेला कायदेशीर सल्ला आहे, आणि आपण तो वाचलेला नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यातील कलम ३६-अ नुसार, ६ जुलै १९७४ पासून, आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीस विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, पट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने, पूर्वपरवानगीवाचून देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची, आणि विक्री असेल तर शासनाच्या पूर्वमान्यतेसह जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ‘हे गाव अनुसूचित क्षेत्रात नाही’ हा दलालाचा आवडता युक्तिवाद येथे निरुपयोगी आहे, कारण हे कलम गावाकडे पाहत नाही, खातेदाराकडे पाहते आणि साऱ्या महाराष्ट्रास लागू आहे.

या एका कलमाकडे डोळेझाक करून उद्ध्वस्त झालेली कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्यांची कहाणी बहुधा एकाच क्रमाने घडते. आधी नोटरी होते, मग विटा पडतात, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नाव लागते, घरपट्टीची पावती मिळते, विजेचे मीटर बसते, आणि घरधनी स्वतःस मालक समजू लागतो. वस्तुतः घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करीत नाही, आणि मुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केले आहे. पुढे मूळ मालकाची मुले किंवा नातवंडे अर्ज करतात, तलाठी पंचनाम्यास येतो, व्यवहार अवैध ठरतो, आणि जमीन शासनाकडे व तेथून मूळ कुटुंबाकडे परत जाण्याचा मार्ग मोकळा होतो. त्या नातवंडांना दोष देऊ नका. आजारपणात किंवा लग्नकार्यात मातीमोल भावाने जमीन हातची जाऊ नये, याचसाठी हा कायदा झाला आणि तो योग्यच झाला. दलाल मात्र दोहोंकडची दलाली घेऊन केव्हाच नामानिराळा झालेला असतो.

पळवाटांविषयी थोडक्यात. आदिवासी सहकाऱ्याच्या नावे घेणे : बेनामी व्यवहार, करू नका. नव्व्याण्णव वर्षांचा पट्टा : पट्टाही त्याच कलमात येतो. ‘सगळ्यांनी असेच घेतले आहे’ : तेही अडकतील. आणि ती जमीन वनहक्क कायद्याखाली मिळालेल्या पट्ट्याची निघाली, तर बोलणेच खुंटले. तो हक्क वारसांकडे जातो, पण दुसऱ्या आदिवासीलासुद्धा विकता येत नाही.

विक्रेता बिगर-आदिवासी आहे, सातबारावर ‘भोगवटादार वर्ग १’ लिहिले आहे आणि रजिस्ट्रीही होत आहे, एवढ्याने निश्चिंत होणाऱ्यांनाही माझे सांगणे आहे. आजचा सातबारा केवळ आजचे नाव सांगतो. ते नाव तेथे कसे आले, हे फेरफार सांगतो. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून गेलेल्या जमिनी परत करण्यासाठी १९७४ सालचा स्वतंत्र अधिनियम आहे, आणि त्यानंतरच्या व्यवहारांना कलम ३६-अ. म्हणून मौजाच्या त्या सर्व्हे क्रमांकाचे सारे फेरफार १९५७ पर्यंत मागे नेऊन, साक्षांकित नकला घेऊन, वकिलाकडून वाचून घ्यावेत. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. तेव्हा जुना कागद तहसिलीत सापडला नाही, तर चंद्रपूरच्या अभिलेखागारातही विचारणा करावी. त्याच खेपेत ती जमीन अधिकार अभिलेखात किंवा निस्तारपत्रकात झुडपी जंगल म्हणून नोंदलेली नाही ना, हेही पाहावे. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांतील अशा जमिनी वनजमीनच होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला आहे.

आता आपण काय करावे? बयाणा लेखी परत मागा, आणि दलालाने टोलवाटोलवी केली तर वकिलामार्फत नोटीस द्या; अशा वसुलीच्या दाव्याला सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा दिरंगाई नको. आजवर आपण अजाणतेपणे पैसे दिलेत; यापुढे हे वाचून, जाणूनबुजून एक रुपया जरी दिलात, तर न्यायालयात आपली बाजू फार दुबळी होईल. दागिने घरातच राहू द्या.

तूर्त भाड्यानेच राहा, आणि त्यात कमीपणा मानू नका. कंत्राटी नोकरी उद्या गडचांदूरला किंवा घुग्घुसला नेईल, तेव्हा पायात अडकलेला वादग्रस्त प्लॉट नसणे हीही बचतच आहे. भाडेकरार मात्र लेखी व नोंदणीकृत करून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ ने ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे, आणि वार्षिक वाढ किती हे त्यातच लिहिले की दरसालचा तगादा थांबतो. पुढे गावठाणातील आखीव पत्रिका असलेले घर, किंवा रीतसर अकृषक परवानगी व मंजूर नकाशा असलेल्या लेआउटमधील लहानसा प्लॉट शोधा, आणि त्यावर बँक कर्ज देते का, हे बयाण्याच्या आधी विचारा. तो प्लॉट याच्या दुप्पट किमतीचा असेल. परंतु आपल्या मुलीच्या नावे निर्वेधपणे लागू शकेल असा प्लॉट तोच.