‘औषधाची ॲलर्जी आहे’ एवढंच लिहून भागत नाही



जूनमध्ये प्रवेश अर्ज भरून घेताना एक रकाना असतो, ‘कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का?’ आमच्या मालाडकडे बहुतेक अर्जांवर ‘नाही’ लिहिलेलं असतं. काहींवर ‘हो’ असतं आणि पुढे काहीच नसतं. या नुसत्या ‘हो’चं वर्गशिक्षकाने काय करायचं? १० फेब्रुवारीला जंतनाशक दिन, त्या दिवशी अल्बेंडाझोलची गोळी. एरवी लोहाची गुलाबी गोळी. औषधाचं नाव माहीत नसेल तर आपण घाबरून त्या मुलाला सगळ्याच गोळ्यांतून वगळतो.

म्हणून पालकांना शांतपणे विचारा : औषध कोणतं होतं? नेमकं काय झालं? घेतल्यावर किती वेळाने? आणि ही गोष्ट किती वर्षांपूर्वीची? डॉक्टरही तपासणीची सुरुवात याच प्रश्नांनी करतात.

उत्तरं ऐकली की पुष्कळदा कळतं, ती ॲलर्जी नव्हतीच. लोहाच्या गोळीने शौचाला काळी होते, पोटात मळमळतं. अँटिबायोटिकने जुलाब होतात. हे दुष्परिणाम झाले. ॲलर्जीत शरीराची संरक्षण यंत्रणाच औषधाला शत्रू समजते. लहान मुलांत आणखी एक घोटाळा होतो. ताप विषाणूचा असतो, त्यात अमॉक्सिसिलीन सुरू होतं, तिसऱ्या दिवशी अंगावर पुरळ येतं. पुरळ बरेचदा त्या विषाणूचंच असतं, पण नाव औषधाचं होतं. ते मग जन्मभर चिकटतं! अमेरिकेत १०० पैकी साधारण १० जणांच्या कागदावर पेनिसिलीनची ॲलर्जी लिहिलेली असते, पण तपासणी केल्यावर त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त जणांना ते चालतं. काहींची ॲलर्जी खरी होती, ती वर्षांनुवर्षांत ओसरली.

‘लिहिलेलं राहिलं तर बिघडलं काय?’ असं कुणी म्हणेल. बिघडतं. रुमॅटिक तापाने हृदयाच्या झडपा दुखावलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, तेही अनेक वर्षं. चुकीच्या नोंदीमुळे त्याचं सगळ्यात चांगलं औषध हातचं जातं.

पण ‘बघू या देऊन’ हा प्रयोग घरी मुळीच करू नका. त्वचेची चाचणी किंवा थोडं थोडं औषध देऊन पाहणं हे काम रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखालीच होतं. आणि औषधानंतर तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सोलणं असं झालं असेल, तर ते औषध पुन्हा चाचणीसाठीसुद्धा द्यायचं नसतं.

नावांची गंमत पालकांना जरूर सांगा. क्रोसिन आणि कॅलपॉल दोन्हींत पॅरासिटामॉलच आहे. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलसोबत आयब्युप्रोफेन असतं. ऑगमेंटिन हे पेनिसिलीनच्याच घराण्यातलं. मेडिकलवाल्याला नुसतं ‘ती लाल गोळी नको’ सांगून काय होणार? स्ट्रिपवरचं बारीक अक्षरातलं मूळ नाव वहीत उतरवा, स्ट्रिपचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि दर वेळी डॉक्टरांना आधी तेच दाखवा.

औषधानंतर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, श्वासाला घरघर, उलट्या, चक्कर असं काही एकत्र दिसलं तर १०८ लावा. मुलाला आडवं झोपवून पाय उंच ठेवा; श्वास लागत असेल तर बसू द्या, पण चालवत नेऊ नका. अशा वेळी पहिलं औषध म्हणजे मांडीत दिलेलं ॲड्रिनलीनचं इंजेक्शन. घरातली सेटिरिझिन खाज कमी करते, श्वास वाचवत नाही. घेतलेल्या औषधाची स्ट्रिप सोबत न्या. बरं वाटलं तरी डॉक्टर काही तास थांबवून ठेवतात, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो.

औषधाचा त्रास सरकारकडे कळवताही येतो, पालकांनासुद्धा. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाचा मोफत क्रमांक आहे १८००-१८०-३०२४. यंदा अर्जातल्या त्या रकान्याखाली मी चार रिकाम्या ओळी वाढवून घेतल्या आहेत : औषधाचं मूळ नाव, काय झालं, किती वेळाने, कोणत्या वर्षी.