जळालेली चित्रे

तालुक्याच्या प्रदर्शनाला मी पोळ्याचे चित्र घेऊन निघालो होतो. वाटेत पाऊस आला अन् सगळे रंग पसरले. मी खूप रडलो. आता चित्रच काढायचे नाही, असे ठरवले. तेव्हा गुरुजींनी आपल्याच जिल्ह्यातली खरी हकिकत सांगितली.

मित्रांनो, अजिंठ्याची लेणी आपण सहलीत पाहिली. तिथल्या भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ साली रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला नेमले. तो अजिंठा गावातल्या बारादरीत राहायचा. लेण्यांत अंधार, वटवाघळे, बाहेर जंगल! तरी त्याने वर्षानुवर्षे बसून मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात चित्रे काढली. ती बोटीने लंडनला गेली आणि क्रिस्टल पॅलेस नावाच्या काचेच्या महालात प्रदर्शनात लागली. पण डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली. बहुतेक चित्रे जळाली.

गिल खचला नाही. त्याने पुन्हा काम सुरू केले. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

१८७२ पासून मुंबईच्या चित्रशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्यात नकला करू लागले. त्यांतल्याही बऱ्याच चित्रांना लंडनमध्ये आग लागली. पण ग्रिफिथ्स यांनी पुढे चित्रांचे मोठे पुस्तक छापले. त्यामुळे ती आजही पाहता येतात.

मीपण पोळ्याचे चित्र नव्याने काढले. ते शेजारीच लावले आहे. पालकांनी जरूर बघावे. एक नक्कल मात्र घरी पेटीत ठेवली आहे!