होडी कोरड्यावर, सेन्सर चालू: उन्हाळ्यातला टाळता येणारा खर्च

मागच्या वर्षीची मेच्या शेवटच्या आठवड्यातली दुपार. पावसाळी मासेमारीबंदी तोंडावर आलेली, म्हणून काकांची गिलनेटची होडी आंजर्ले खाडीच्या काठाला वर ओढून ठेवली होती. वायरिंग बघायला कारागीर आला. त्याने बॅटरी जोडली, फिश फाइंडर चालू केला आणि पडदा उजळल्यावर ‘झालं काम’ म्हणून जेवायला गेला. आम्हीही घरी गेलो. दोन तासांनी मी पाण्याची बाटली आणायला होडीवर चढलो, तर यंत्र अजून चालूच होतं. खोलीच्या जागी नुसत्या रेघा लुकलुकत होत्या आणि कोपऱ्यात ‘पाण्याचं तापमान’ दाखवत होतं ५६ अंश. पाणी तर तिथून शंभर पावलांवर होतं. तो आकडा तळाला बसवलेल्या ट्रान्सड्यूसरच्या अंगातल्या उष्णतेचा होता.

ऑगस्टमध्ये होडी पाण्यात गेली तेव्हा आधी तीस वावांपर्यंत स्वच्छ दिसणारा तळ पंधरा वावांपुढे पुसट व्हायला लागला. पुढची बेरीज अशी झाली: नवा ब्राँझचा ६०० वॅटचा ट्रान्सड्यूसर ३१ हजार, जुना काढून नवा बसवणं, सीलंट आणि मजुरी मिळून ४ हजार, शिवाय होडी पुन्हा वर घ्यावी लागल्यामुळे हंगामाच्या सुरुवातीचे चार दिवस बुडाले. त्या चार दिवसांचा हिशेब काकांनी कधी मांडला नाही, मीही विचारला नाही.

होडीच्या तळाला बसवलेल्या या भागाला आपल्याकडे कोणी सेन्सर म्हणतं, कोणी ट्रान्सड्यूसर. त्याच्या आत खास चिनी मातीसारख्या पदार्थाची एक चकती असते. विजेचा ठोका बसला की ती थरथरते आणि ध्वनी सोडते, बहुधा ५० किंवा २०० किलोहर्ट्झचा. परत आलेला ध्वनी तीच चकती ऐकते. पाण्यात असताना हा ध्वनी सहज बाहेर निघून जातो आणि उरलेली उष्णता पाणी ओढून घेतं. होडी कोरड्यावर असली की दोन्ही वाटा बंद होतात. हवेत ध्वनी जवळजवळ शिरतच नाही, ९९ टक्क्यांहून जास्त भाग परत आत फिरतो. त्याची उष्णता होते आणि ती वाहून न्यायला बाहेर पाणी नसतं. त्यात वरून मेचं ऊन, खालून तापलेली वाळू. चकती स्वतः बरीच उष्णता सोसते, पण तिला धरून ठेवणारा इपॉक्सी आणि तोंडावरचा प्लॅस्टिकचा थर आधी हार मानतो. थर सुटला की मध्ये हवेची पापडी राहते. मग पाण्यात सोडला तरी तो सेन्सर अर्धा बहिरा झालेला असतो.

म्हणून सगळ्यात आधी एक भीती काढून टाकतो. उन्हाळ्यात समुद्र गरम होतो म्हणून सेन्सर जळत नाही. एप्रिल-मेमध्ये अरबी समुद्राचं पाणी तीस अंशांच्या आसपास जातं, आणि सेन्सर थंड ठेवायला ते भरपूर आहे. पाण्यात असलेल्या सेन्सरसाठी कोणी ‘कूलिंग’च्या नावाखाली काही विकत असेल तर एक रुपयाही देऊ नका. धोका फक्त कोरड्यावर चालू राहिलेल्या यंत्राचा आहे, आणि यंत्र बंद करायला पैसे पडत नाहीत.

नुकसान मात्र महाग पडतं. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायचा साधा प्लॅस्टिकचा सेन्सर काही हजारांत मिळतो. तळाला भोक पाडून बसवायचा ब्राँझचा ६०० वॅटचा घ्यायचा तर पंचवीस ते चाळीस हजारांची तयारी ठेवा. एक किलोवॅटचा मोठा, खोल पाण्यातला सेन्सर लाखाच्या घरात जातो. जितके वॅट जास्त तितका तो कोरड्यावर लवकर तापतो. काही महागड्या सेन्सरांत तापमान मोजायची सोय असते आणि फार तापलं की यंत्र आपोआप जोर कमी करतं, पण ती सोय तुमच्या यंत्रात आहे की नाही हे पुस्तिका वाचल्याशिवाय धरून चालू नका. आणि बिघडलेला सेन्सर दुरुस्त होत नाही. तो सगळीकडून बंद असतो, उघडला की संपला. ‘भरून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

मग खर्च कशावर करायचा? माझ्या मते पहिला पैसा वेगळ्या स्विचवर. बऱ्याच होड्यांत दिवे, वायरलेस, जीपीएस आणि फिश फाइंडर एकाच मेन स्विचवर असतात. दिवा लावायला मेन टाकला की फिश फाइंडरही जागा होतो आणि बहुतेक यंत्रं जागी होताच ध्वनी सोडायला लागतात. फिश फाइंडरला स्वतःचा फ्यूज आणि लाल दिव्याचा स्विच बसवायला सामान दोनशे-तीनशे रुपयांचं, मजुरी वेगळी. काकांच्या होडीवर आता तो आहे. खलाशी नवखा असला तरी लाल दिवा त्याला दिसतो.

कोरड्यावर यंत्र तपासायचंच असेल तर बाहेरून लावलेला सेन्सर काढून पाण्याने भरलेल्या वीस लिटरच्या बादलीत बुडवा आणि मग यंत्र चालू करा. तळात कायमचा बसवलेला सेन्सर बादलीत येत नाही. त्याचं यंत्र चालू केलं तर अर्ध्या मिनिटात बंद करा. तेवढ्यात सेन्सरच्या तोंडाजवळ कान नेला की बारीक टिकटिक ऐकू येते, म्हणजे ठोके पोचताहेत. पडदा, बटणं किंवा जीपीएस तासभर बघायचं असेल तर डेमो मोड लावा, किंवा आधी वीज बंद करून सेन्सरची केबल यंत्रापासून सोडवून ठेवा. कारागिराला काम देतानाच हे सांगा, कामावर उभं राहून सांगा. तो वाईट नसतो, त्याला दिवसाला पाच होड्या उरकायच्या असतात.

वर ओढलेली होडीच तेवढी कोरडी असते असं नाही. खाडीत नांगरलेली होडी सुकतीला चिखलात बसते, उधाणाच्या दिवसांत तर पाणी पार दूर जातं. रात्री यंत्र चालू राहिलं आणि पहाटे पाणी ओसरलं तर सेन्सर हवेत किंवा चिखलात अडकतो आणि ठोके चालूच राहतात. खाडीत शिरताना खोली बघायची असते हे खरं, पण नांगर पडला की फिश फाइंडर बंद, हा नियम तांडेलाने घालून द्यावा. मला तो बत्ती लावण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

फायबरच्या काही होड्यांत सेन्सर तळाच्या आतल्या बाजूला, द्रव भरलेल्या छोट्या टाकीत बसवलेला असतो. अशा होडीवाल्यांनी उन्हाळ्यात टाकीचं झाकण उघडून बघावंच. द्रव गळून किंवा आटून कमी झाला की सेन्सर आणि तळ यांच्यामध्ये हवा येते, आणि होडी पाण्यात असूनही तोच कोरड्यावरचा प्रकार घडतो. पुस्तिकेत सांगितलेलाच द्रव भरा. पाचशे रुपयांच्या आत हे काम होतं.

लाकडी होडीची गोष्ट वेगळी. उन्हात फळ्या सुकतात, सांधे उघडतात, पाण्यात गेल्यावर लाकूड पुन्हा फुगतं. तळाच्या भोकात प्लॅस्टिकच्या अंगाचा सेन्सर असेल तर फुगणारं लाकूड त्याला आवळून तडकवतं आणि तिथून पाणी आत येतं. लाकडी होडीला तळात बसवायचा सेन्सर ब्राँझचाच घ्या, दुकानदार स्वस्त म्हणून प्लॅस्टिकचा पुढे करत असेल तरी. इथे पाच-सहा हजार वाचवायला जाऊ नका.

बंदीच्या दोन महिन्यांत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, होडी झापांनी शाकारता तेव्हा सेन्सरचं तोंडही सावलीत येईल असं बघा. मेमधल्या उन्हासाठी ओलं गोणपाट टांगलं तरी चालतं. तळाला रंग मारताना सेन्सरच्या तोंडावर फक्त पाण्यावर आधारलेला अँटीफाउलिंग रंग लावा, तोही पातळ. थिनर, पेट्रोल किंवा अ‍ॅसिटोनने सेन्सर पुसू नका, प्लॅस्टिक मऊ पडतं. शिंपले काढायला पत्रा किंवा सुरी नको, साबणाचं पाणी आणि मऊ कापड वापरा. पडद्यालाही ऊन सोसत नाही. बहुतेक पडद्यांची मर्यादा ५०-५५ अंशांच्या आसपास असते, आणि काचेच्या केबिनमध्ये दुपारी ती सहज ओलांडली जाते. पांढऱ्या जाड कापडाची टोपी शिवून घ्या, शंभर-दीडशे रुपयांत होते.

खरेदी करताना जीएसटीचं पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड मागा. कोरड्यावर चालवल्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरतात का, ते विकत घेण्याआधी विचारून बिलामागे लिहून घ्या. होडी स्वतः चालवून पोट भरणारा मच्छीमार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच ठरतो, कारण स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू त्यात येते. खराब माल गळ्यात मारला असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

होडी पाण्यात उतरवण्याआधी सेन्सरच्या तोंडाला भांड्याच्या साबणाचं पाणी चोळा, म्हणजे पृष्ठभागावर हवेचे बुडबुडे चिकटून राहत नाहीत. उतरवल्यावर दहा मिनिटं थांबून यंत्र चालू करा. मग वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजा आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडून बघा, आधी चार वावांवर, नंतर बाहेर जाताना पंधरावर. दोन्ही आकडे तारखेसह वॉरंटी कार्डाबरोबर ठेवा. पुढच्या वर्षी तळ पुसट वाटायला लागला तर कधीपासून, हे सांगायला तोच कागद लागेल.