आपल्या हाताचा चेंडू
(द्वितीय वर्ष, कला)

‘बोलिंग’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे क्रिकेटचा गोलंदाजच उभा राहतो. प्रस्तुत लेखातील खेळ मात्र निराळा आहे. गुळगुळीत पट्टीवरून एक जड चेंडू घरंगळत सोडायचा आणि साठ फुटांवर त्रिकोणात उभ्या असलेल्या दहा पिना पाडायच्या, असा हा टेनपिन बोलिंगचा खेळ. १८९५ साली न्यूयॉर्क येथे ‘अमेरिकन बोलिंग काँग्रेस’ स्थापन झाली आणि तिने या खेळाला एकसारखे नियम लावून दिले. आज आपल्याकडील मोठ्या शहरांतल्या मॉलमध्येही तो खेळला जातो.

माझा या खेळाशी संबंध आला तो पोटापाण्याच्या निमित्ताने. गेली दीड वर्षे मी सकाळी कॉलेज करून संध्याकाळी अशाच एका ठिकाणी काम करतो. खेळायला येणाऱ्यांना बूट देणे, चेंडू पुसून मांडून ठेवणे, हे माझे काम. गर्दी नसली म्हणजे आम्हां मुलांनाही दोन डाव खेळू देतात. खेळता खेळता आपला स्वतःचा चेंडू असावा, असे मला वाटू लागले. त्या नादात जी चूक झाली तीतूनच हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

नेहमी येणाऱ्या एका खेळाडूला आपला जुना चेंडू विकायचा होता. निळा, चकाकणारा, पंधरा पौंडांचा. तो वळणे घेत जायचा आणि पिना धाडकन उडवायचा. मी चार हजार रुपयांना तो घेतला. गावी आण्णांना कळवले नाही. पंधरा दिवसांत माझा अंगठा सुजला, मनगट धरले. त्याच आठवड्यात परीक्षा होती. इतिहासाच्या पेपरात शेवटचा प्रश्न अर्धा टाकून मला उठावे लागले. ज्या हाताने लिहिण्यासाठी मला शहरात पाठवले होते, तोच हात मी कामातून घालवून बसलो होतो.

सुट्टीत घरी गेलो. आण्णांनी अंगठा पाहिला आणि सारी हकीकत काढून घेतली. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “आपला सुतार आईच्या खुरप्याला मूठ बसवताना आधी तिचा हात बघायचा. तुझा हात कुणी बघितला व्हता का?”

कुणीच बघितला नव्हता. परत आल्यावर मी जाणत्या खेळाडूंना विचारू लागलो, स्वतः करून पाहू लागलो. जे समजले ते तीन भागांत मांडतो.

पहिली गोष्ट वजनाची. बोलिंगचे सगळे चेंडू आकाराने जवळजवळ सारखेच, सुमारे साडेआठ इंच व्यासाचे असतात. सहा पौंडांचा आणि सोळा पौंडांचा चेंडू डोळ्यांना सारखाच दिसतो. नियमाने सोळा पौंडांहून जड चेंडू चालत नाही. नवख्याने आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास सुरुवात करावी, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. माझे वजन ५४ किलो, म्हणजे साधारण ११९ पौंड. त्या हिशेबाने मला बारा पौंड पुरेसे होते. पण ठोकताळ्यापेक्षा आपल्या खांद्यावर विश्वास ठेवावा हे बरे. हात मागे नेताना खांदा खाली ओढला जात असेल किंवा चेंडू सोडताना मनगट मुरगळत असेल, तर तो चेंडू जड आहे असे समजावे. जास्त वजनाने पिना जास्त पडतात हे खरे, पण चेंडू नेमका नेता आला तरच.

दुसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट भोकांची. चेंडूला तीन भोके असतात, एक अंगठ्याचे, एक मधल्या बोटाचे आणि एक अनामिकेचे. अंगठ्याच्या भोकापासून बोटांच्या भोकांपर्यंतचे अंतर हाताच्या मापाचे असावे लागते. नवख्याच्या साध्या पकडीत दोन्ही बोटे दुसऱ्या पेरापर्यंत आत जातात. अंगठा पूर्ण आत घालून बोटे भोकांवर नुसती आडवी ठेवावीत. दुसऱ्या पेराची रेघ भोकाच्या जवळच्या कडेच्या पाव इंच पुढे आली, तर माप बरोबर. अंगठा सैल असला तर माणूस नकळत चेंडू आवळून धरतो, आणि सूज येते ती त्या आवळण्यानेच. माझे हेच झाले होते.

भाड्याच्या चेंडूंमध्ये आणखी एक गंमत रोज पाहतो. हलके चेंडू लहान मुलांसाठी असल्याने त्यांची भोके बारीक असतात. मोठ्या माणसाची बोटे त्यांत शिरत नाहीत, म्हणून तो नाइलाजाने जड चेंडू उचलतो आणि दुसऱ्या डावापासून खांदा चोळू लागतो. स्वतःचा चेंडू घेण्याचा खरा फायदा येथेच आहे. हलका चेंडूही आपल्या बोटांच्या मापाने भोके पाडून घेता येतो.

तिसरी गोष्ट कवचाची. एके काळी हे चेंडू कठीण लाकडाचे होते, पुढे रबराचे आले, त्यानंतर पॉलिएस्टरचे, म्हणजे आपण ज्याला प्लॅस्टिक म्हणतो त्याचे. १९८० नंतर युरेथेन आणि १९९० नंतर रिॲक्टिव्ह रेझिन आले. पट्टीच्या पहिल्या सुमारे चाळीस फुटांवर तेलाचा पातळ थर असतो, पुढचा भाग कोरडा. रेझिनचा चेंडू कोरड्या भागाला धरतो आणि वळतो. प्लॅस्टिकचा चेंडू गुळगुळीत, तो बराचसा सरळ जातो. ज्याला अजून सरळच टाकता येत नाही, त्याने वळणाऱ्या चेंडूमागे लागू नये. सरळ चेंडू गेला तिरका, तर चूक आपली हे लगेच कळते. शिवाय पुढे तरबेज झाल्यावरही प्लॅस्टिकचा चेंडू वाया जात नाही. एखादीच पिन उरली, की पट्टीचे खेळाडूदेखील ती पाडायला तोच हातात घेतात.

निळा चेंडू मी अडीच हजारांना विकून टाकला. जुनी भोके बुजवून नवी पाडता येतात हे घेणाऱ्याला सांगितले आणि त्याचा हातही आधी पाहिला. तो चांगला उंचापुरा होता, पंधरा पौंड त्याला सहज पेलले. पुढे चार महिने पैसे साठवून मी बारा पौंडांचा साधा प्लॅस्टिकचा चेंडू घेतला व माझ्या हाताचे माप देऊन भोके पाडून घेतली. तो दिसायला काही विशेष नाही. पण अंगठा त्यातून अलगद सुटतो, आणि यंदा इतिहासाचा पेपर मी शेवटच्या प्रश्नापर्यंत लिहिला.

आमच्या घरातून कॉलेजात येणारा मी पहिलाच. कोणती वस्तू कशी पारखावी हे सांगणारे येथे कोणी नसते, म्हणून दुसऱ्याच्या हातात जे शोभते तेच आपण उचलतो. माझ्यासारख्या मित्रमैत्रिणींना एवढेच सांगावेसे वाटते की, घेण्यापूर्वी विचारावे, विचारायला लाजू नये. आणि हो, नव्या चेंडूची किंमत या खेपेस मी आण्णांना खरी सांगितली. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “आण एकदा, बघू तरी.”