आमच्या पायांखालचा काळा दगड

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटाला हात लावून पाहिला नाही, असा विद्यार्थी आमच्या शाळेत विरळाच. तटाचा दगड काळा; घरातील पाटा, वरवंटा आणि जाते काळे; रस्त्यावर अंथरली जाणारी खडी काळी; आणि वेशीबाहेर पडावे तो शेतातील मातीही काळीच. बाळपणापासून या काळ्या वस्तूंच्या संगतीत वाढल्यामुळे तिच्याविषयी कोणास कुतूहल म्हणून राहत नाही. गेल्या वर्षी नववीच्या वर्गात आम्ही सहज विचारले, "हा दगड आला कोठून?" तेव्हा मागील बाकावरून तत्काळ उत्तर आले, "खाणीतून, सर!" वर्ग हसला. उत्तर चुकीचे नव्हते; मात्र ते खाणीच्या तोंडाशीच थांबले होते. प्रस्तुत लेखात आपणास तेथून थोडे आत उतरावयाचे आहे.

प्रथम वर्गातच पाहू. जुन्या वर्गाची भिंत काळ्या दगडाची, जमीन शहाबादी फरशीची, आणि आपल्या आईवडिलांनी ज्यावर अक्षरे गिरविली ती पाटीही दगडाचीच. हे तीन दगड तीन निरनिराळ्या कुळांतले आहेत. भिंतीचा काळा दगड, ज्यास शास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात, तो पृथ्वीच्या पोटातून तप्त रसाच्या रूपाने वर येऊन थिजला. त्यास अग्निजन्य खडक म्हणावयाचे. फरशीचा चुनखडक पाण्याखाली गाळाचे थर एकावर एक बसून तयार झाला. म्हणूनच फोडणारा कुशल असला की त्याचे पानासारखे पातळ थर सुटतात. हा गाळाचा खडक. पाटीचा दगड मूळचा चिखल. परंतु कोट्यवधी वर्षे दाब आणि उष्णता सोसून त्याचे रूप पालटले. तो रूपांतरित खडक. पुस्तकात या तीन प्रकारांना तीन प्रकरणे दिलेली असतात व मुले ती घोकतात. आमच्या मते एकदा वर्गातील भिंतीकडून जमिनीकडे नजर फिरविली तर अर्धे काम होते.

खडक आणि खनिज यांत मात्र पुष्कळांचा घोटाळा होतो. चिवड्यात पोहे, शेंगदाणे, डाळे निरनिराळे दिसतात. त्यांतील प्रत्येक जिन्नस म्हणजे खनिज आणि सगळा मिळून चिवडा तो खडक, असे समजावे. हैदराबादेकडील ग्रॅनाइट हा अगदी असा चिवडा आहे. त्यातील पांढरे, गुलाबी व काळे कण डोळ्यांनी वेगळे ओळखता येतात, कारण तो जमिनीखाली खोलवर अतिशय सावकाश निवला आणि कणांना वाढावयास अवकाश मिळाला. आपला बेसाल्ट भूपृष्ठावर आला व लवकर थंड झाला. त्यामुळे त्याचे कण इतके बारीक राहिले की तो एकसंध भासतो. तरी त्यातील एक खनिज ओळखण्याची युक्ती सोपी आहे. सीना नदीच्या किंवा एखाद्या ओढ्याच्या वाळूत लोहचुंबक फिरवा. त्यास काळ्या कणांची मिशी फुटेल. हे कण लोहयुक्त खनिजाचे असून ते या काळ्या दगडाच्या झिजेतून आलेले आहेत. हा प्रयोग विसरू नये. त्याचे महत्त्व पुढे कळेल.

आता, हा तप्त रस आला तरी किती? आज दख्खनच्या या काळ्या खडकाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापिला आहे, आणि झीज होण्यापूर्वी तो याहूनही विस्तृत असला पाहिजे. सह्याद्रीकडे या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरांच्या आसपास भरते. मुंबईस जाताना बोरघाटात आगगाडीच्या खिडकीतून कड्यांकडे पाहिले, तर डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी रचल्यासारखा दिसतो. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक थर. 'डेक्कन ट्रॅप' या नावातील 'ट्रॅप' शब्दाचे मूळही जिन्याच्या पायरीचा अर्थ असलेल्या स्वीडिश शब्दात आहे.

मुले हटकून विचारतात, मग त्या ज्वालामुखीचे तोंड कोठे? शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या माथ्यातून धूर, हे चित्र त्यांच्या मनात असते. दख्खनचा लाव्हा बहुतांशी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून उसळला व पाण्यासारखा पसरत गेला. धुळे-नंदुरबारच्या बाजूस अशा भेगांत थिजून राहिलेला दगड आजही भिंतीसारख्या सरळ, लांब टेकड्यांच्या रूपाने उभा आहे. अशा उद्रेकाचा लहानसा नमुना मनुष्याने पाहिलेला आहे. १७८३ साली आइसलँडमध्ये लाकी येथे भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा वाहिला. विषारी वायूंनी गवत नासले, गुरे मेली, आणि पाठोपाठ आलेल्या दुष्काळात त्या बेटावरील सुमारे पाचवा हिस्सा लोक दगावले. दख्खनचे उद्रेक याच्या कित्येक पटींनी मोठे होते. ते सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी झाले. त्याच सुमारास डायनोसॉरांचा वंश बुडाला. त्या संहारात मेक्सिकोतील प्रचंड अशनिपाताचा वाटा किती व आपल्या लाव्हाचा किती, याविषयी पंडितांचा वाद अद्याप संपलेला नाही.

हे उद्रेक अखंड चालू नव्हते. मध्ये शांततेचे दीर्घ काळ येत, तळी साचत, झाडे उगवत. आणि मग पुन्हा लाव्हा येऊन सर्व झाकून टाकी. याचा सुंदर पुरावा उजेडात आणणाऱ्यांत नागपूरचे एक मिशनरी होते, हे सांगताना आम्हांस आनंद वाटतो. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडहून आलेले शिक्षक व धर्मोपदेशक. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. त्यांनी व त्यांचे सहकारी हंटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूरजवळ टाकळी येथे या काळ्या खडकाच्या थरांच्या सांदीत गोड्या पाण्यातील शंख-शिंपले आणि वनस्पतींचे अवशेष शोधून काढिले. १८६३ साली प्राचीन शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना एका नाल्याच्या पुरात हिस्लॉपसाहेबांचा अंत झाला. एका पालकांनी आम्हांस एकदा विचारले होते की, ही कोट्यवधी वर्षांची भाषा आणि उत्पत्तीच्या पुस्तकातील सहा दिवस यांचा मेळ घालावयाचा कसा? आम्ही इतकेच म्हणू की, सृष्टी कोणी केली हे पवित्र शास्त्र सांगते. ती कोणत्या रीतीने व किती काळात घडली, हे दगडास विचारण्यास त्यात कोठेही मनाई केलेली नाही. हिस्लॉपसाहेब एका हाती शास्त्र आणि दुसऱ्या हाती हातोडा बाळगून होते.

लाव्हाच्या प्रत्येक थराच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकून दगडास छिद्रे पडत. पुढे त्यांत पाणी झिरपून पांढरी, हिरवट, चमकदार स्फटिकांची खनिजे भरली. विहीर खणताना निघणारे सुंदर खडे ते हेच. विहिरीचाच विषय निघाला म्हणून सांगतो. भरीव काळा फत्तर पाणी धरीत नाही. पाणी असते ते मुरमात, भेगांत व या सच्छिद्र पट्ट्यांत. म्हणून एकाच्या विहिरीस पाणी लागते आणि बांधापलीकडील शेजाऱ्याने कर्ज काढून खणलेली विहीर कोरडी राहते. त्यात नशिबापेक्षा दगडाच्या रचनेचा भाग मोठा आहे. तद्वत् आपली काळी आईही या दगडाचीच कन्या. दगड कुजून झालेली ही चिकण माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून हातभर भेगा पाडते. पण पावसाळ्यात पोटात साठविलेल्या ओलीवर मंगळवेढ्याची ज्वारी हिवाळाभर पोसते. या मातीवर उथळ पाया घातला, तर घराच्या भिंती मात्र तडकल्यावाचून राहत नाहीत.

काळ्या दगडाच्या खाली काय आहे, हे पाहण्यास सोलापूरहून हैदराबादची आगगाडी धरावी. गुलबर्ग्यापर्यंत काळी शिवारे दिसतात. पुढे शहाबादेस काळा थर संपून चुनखडकाच्या खाणी लागतात, आणि हैदराबाद जवळ आले की ग्रॅनाइटच्या अवाढव्य शिळा एकीवर एक रचलेल्या दिसतात. ग्रॅनाइट सर्वांत जुना व तळाचा; चुनखडक त्याच्यावरचा; आणि आपला काळा दगड म्हणजे या सर्वांवर मागाहून घातलेले पांघरूण. पूर्वेकडे हे पांघरूण विरळ होत जाते, इतकेच.

आता चुंबकाची आठवण करू. लाव्हा थिजताना त्यातील लोहयुक्त कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेस अनुसरून चुंबकित झाले आणि ती दिशा दगडात कायमची नोंदली गेली. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात शास्त्रज्ञांनी दख्खनच्या दगडातील ही दिशा मोजली. तीवरून असे निघाले की, हा लाव्हा थिजला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेस होती! खंडे सरकतात, हे १९१२ साली आल्फ्रेड वेगेनर या जर्मन विद्वानाने मांडले, तेव्हा अनेक भूशास्त्रज्ञांनी त्याची थट्टा केली होती. त्याच्या पक्षाची साक्ष आपल्या पाट्या-वरवंट्याच्या दगडाने दिली. आज आपण जाणतो की, पृथ्वीचे कवच मोठमोठ्या भूपट्टांत विभागलेले आहे व ते सावकाश सरकतात. हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आज जो तप्त स्रोत आहे, त्याच्यावरून जाताना भारताच्या भूपट्टावर दख्खनचा लाव्हा ओतला गेला, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पुढे हा भूपट्ट उत्तरेस आशियावर आदळला आणि हिमालय उभा राहिला. हा प्रवास अजून थांबलेला नाही. वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर, म्हणजे बोटाचे नख वाढते त्याहून थोड्या अधिक वेगाने, आपण ईशान्येकडे जात आहो. सिद्धरामेश्वरांच्या बाराव्या शतकापासून आजवर सोलापूर आपल्या तलावासह चाळीसएक मीटर पुढे गेले आहे. कोणाच्या घरची घागरही त्यामुळे हिंदकळली नाही.

परंतु कधी कधी घागर हिंदकळते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आम्हांस आठवते. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका पाहून लोक उशिरा निजले होते. चारच्या सुमारास मांडणीवरील भांडी खणखणली आणि वडिलांनी सर्वांस अंगणात काढिले. सोलापुरात तेवढ्यावर निभावले. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे मात्र काही सेकंदांत भुईसपाट झाली. आठ हजारांच्या आसपास, काही अंदाजांप्रमाणे त्याहूनही अधिक, माणसे मरण पावली.

तोपर्यंत शाळांतून शिकविले जाई की, दख्खनचे पठार स्थिर आहे. १९६७ साली कोयनेस मोठा भूकंप झाला होता. तथापि त्याचा संबंध तेथील धरणाच्या जलाशयाशी जोडला गेला. भूकंपाच्या नकाशात लातूरचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ सालच्या सुधारणेत तो वरच्या पट्ट्यात गेला. किल्लारीस आदल्या वर्षीच लहान धक्के बसले होते व जमिनीतून आवाज येत होते. नंतर तेथे खोल छिद्र घेण्यात आले, तेव्हा काळा दगड केवळ ३३८ मीटर निघाला. त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग अतिप्राचीन स्फटिकमय खडक. हैदराबादच्या गाडीतून जे पाहिले, तेच येथे उभ्या रांगेत! हिमालयाशी रेटा देणाऱ्या भूपट्टाचा ताण त्या जुन्या खडकातील कमकुवत भेगांत साठत होता; भूकंप तेथे झाला. वरचे पांघरूण त्यास अडवू शकले नाही.

भूकंपाची शक्ती सुमारे ६.२ होती. इतक्या शक्तीचा भूकंप जपानात झाला असता, तर एवढी माणसे मेली नसती. किल्लारीची घरे दोन-अडीच हात जाडीच्या भिंतींची. पण त्या भिंती अनघड धोंडे चिखलात बसवून रचलेल्या. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, मध्ये दगडगोट्यांची भर, आणि दोन्ही पदरांस बांधणारा आरपार दगड कोठेच नाही. वर लाकडी तुळयांवर मातीचे माळवद. पाऊस गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर नवी माती चढे, जुनी कोणी काढीत नसे. हादरा बसताच भिंतीचे पदर दोन बाजूंस फाकले आणि पिढ्यान् पिढ्यांची माती निजलेल्या माणसांवर आली. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत, हा आमच्याही लोकांचा समज होता व अजून आहे.

हा भाग शिकवून झाल्यावर आम्ही मुलांस सुट्टीत आपापल्या गावचे जुने घर पाहून येण्यास सांगितले. भिंतीत आरपार दगड किती अंतरावर आहेत, कोपरे एकमेकांत गुंफलेले आहेत काय, माळवदावर माती किती, एवढेच टिपावयाचे होते. अक्कलकोट तालुक्यातील एका मुलाने वहीत भिंतीचे चित्र काढून आणिले. आरपार दगड एकही नव्हता. माळवदावरील माती त्याने पहारीने खोचून मोजली, ती दीड हात भरली. आजोबा प्रथम रागावले. हे माळवद त्यांच्या वडिलांनी घातलेले होते. मग स्वतः शिडीवर चढले, पहार खोचून पुन्हा मोजले, आणि खाली येऊन गवंड्यास निरोप धाडला. दिवाळीपूर्वी हातभर माती खाली उतरली आहे. गवंड्याने कोपऱ्यांपासून आरंभ केला असून, भिंतीस आरपार भोके पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरण्याचे काम हा अंक छापावयास जाईपर्यंत चालू होते.